जिल्बेरचा रुमाल

रोझलीनच्या खानावळीला पाटी नाही. एके काळी होती. एका वादळात ती खाली आली, रोझलीनच्या सासऱ्याने ती कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून ठोकली आणि विषय संपला. ज्याला जेवायचं असतं त्याला चर्चसमोरचं हिरव्या दाराचं घर माहीत असतं. ज्याला माहीत नाही त्याने विचारावं. पण लाकोंबेलमध्ये विचारायला माणूस भेटेलच असं नाही. चुनखडीच्या माळावरचं गाव, माणसांपेक्षा मेंढ्या जास्त.

चर्चच्या घंटेने बाराचे टोले द्यायला सुरुवात केली की सूप टेबलावर येतं. उशिरा येणाऱ्याला उरलंसुरलं मिळतं आणि वर रोझलीनचा चेहरा बघावा लागतो. काय घेणार, असं इथे कुणी विचारत नाही. आधी सूप, मग काहीतरी गार, मग मांस, मग शेळीच्या चीजची चकती, मग गोड. लाल वाइनची सुरई टेबलावर असतेच, आणि ती रिकामी दिसली तर मालकिणीची लाज जाते. टेबल एकच, लांबलचक. सुपाच्या भांड्यातून आपल्या हाताने वाढून घ्यायचं नसतं. समोरच्याने आपल्याला वाढायचं, आपण समोरच्याला. शहरातून फिरायला आलेली जोडपी कधी कधी कोपऱ्यातलं वेगळं टेबल मागतात. रोझलीन त्यांना विचारते, "का, आमच्याशी भांडण आहे का तुमचं?" मग ती बिचारी मुकाट्याने दोन मेंढपाळांच्या मध्ये येऊन बसतात.

दाराशेजारच्या भिंतीवर लाकडी फडताळ आहे. पोस्टात पत्रांसाठी असतात तसे त्याला लहान लहान खण. रोज जेवणाऱ्या प्रत्येकाचा एक खण, आणि खणात त्याचा जेवणाचा रुमाल. आलं की आपला रुमाल काढायचा, जेवण झालं की घडी करून परत ठेवायचा. सोमवार ते शुक्रवार तोच रुमाल, शनिवारी धुणं, सोमवारी परत खणात. रोझलीन सून म्हणून या घरात आली तेव्हा सासूने तिला आधी रुमाल शिकवले आणि स्वयंपाक नंतर. कुणाचा निळ्या चौकड्यांचा, कुणाच्या कडेला लाल दोरा, कुणाचा तीन ठिकाणी रफू केलेला. एकदाही अदलाबदल व्हायला नको, सासू बजावायची. माणूस सूप खारट झालं तर विसरतो, दुसऱ्याचा रुमाल हातात आला तर विसरत नाही.

आणि माणूस मेला की त्याचा रुमाल धुऊन, इस्त्री करून, अंत्यविधीच्या दिवशी त्याच्या घरी द्यायचा. खण रिकामा राहतो. वर्षभर तरी तो कुणी मागत नाही. रोझलीनचा नवरा फेलिक्स गेला तेव्हा त्याचा रुमाल द्यायचा कुणाला हा प्रश्नच पडला, कारण त्याचं घर म्हणजे हीच खानावळ. तेव्हापासून तो रुमाल ती कमरेला खोचते आणि हात पुसते. मूल नव्हतं. सासू गेली, सासरा गेला. उरली ती खानावळ, आणि त्यात रोज बारा वाजता येणारी माणसं.

त्यातला सर्वांत जुना जिल्बेर. एकटा जीव. आई होती तोवर आईच्या हातचं खाल्लं. ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी हा टोपी हातात धरून दारात उभा. "मला अंडं उकडता येत नाही," एवढंच म्हणाला. सासूने त्याला भट्टीजवळची खुर्ची दाखवली आणि हिरव्या काठाचा रुमाल दिला. तेव्हा रोझलीन तरुण होती, तोही तरुण होता. गावात लोक काय काय बोलले, पण बोलण्यासारखं काही झालं नाही. तो पावसानंतर टोपलीभर अळंबी आणून स्वयंपाकघराच्या पायरीवर ठेवायचा आणि ती त्याच्या ताटलीत मांसाचा मऊ तुकडा घालायची, कारण त्याचे दात लवकर गेले. याहून जास्त काही नाही. पण वर्षानुवर्षं एवढं रोज चाललं तर त्याला काय म्हणायचं, ते तिला कधी ठरवता आलं नाही.

जिल्बेरच्या समोर एली काल्मेत बसायचा. त्याच्याहून वयाने मोठा, गावातला सर्वांत जुना शिकारी. एलीच्या शेजारी त्याचा मुलगा ब्रूनो, गवंडीकाम करणारा, दांडगा, हसरा, चाळिशी उलटली तरी बापाच्या सुरईतली वाइन चोरून पिणारा. बायको शहरात निघून गेल्यापासून तोही बापाबरोबर इथेच जेवायचा. सूप संपत आलं की दोघं बापलेक आणि जिल्बेर तळाशी उरलेल्या सुपात वाइन ओतायचे, ताटली गरगर फिरवायचे आणि दोन्ही हातांनी तोंडाला लावून पिऊन टाकायचे. तिघांच्या मिशा एकदम लाल. रोझलीन म्हणायची, "तीन डुकरं पाण्यावर आली बघा." आणि ब्रूनो खरंच डुकरासारखा आवाज काढायचा.

ऑक्टोबर संपता संपता एका रविवारी धुकं होतं. रानडुकरांच्या हाक्याला सगळे गेले होते. जिल्बेर पडक्या भिंतीशी त्याच्या ठरलेल्या जागेवर होता. खाली कुत्रं जखमी होऊन केकाटत होतं, आणि ब्रूनो आपली जागा सोडून, हाक न मारता त्याच्याकडे गेला. जिल्बेरला झुडूप हललेलं दिसलं. त्यामागे काळं काही. त्याने गोळी घातली. जे नीट दिसत नाही त्याच्यावर गोळी घालायची नाही, हे आमच्याकडे पोराच्या हातात बंदूक देण्याआधी शिकवतात. ब्रूनोला ते जिल्बेरनेच शिकवलं होतं.

पोलीस आले, बंदुका घेऊन गेले, चौकशी झाली, होत राहिली. अंत्यविधीच्या दिवशी रोझलीनने ब्रूनोचा पिवळ्या चौकड्यांचा रुमाल एलीच्या हातात दिला. त्याने तो कोटाच्या आत ठेवला आणि तिच्या दंडावर थोपटलं, जणू दुःख तिचंच होतं. पुढच्या सोमवारी बाराच्या ठोक्याला तो आला, आपला रुमाल काढला, आपल्या जागेवर बसला. शेजारची खुर्ची रिकामी. समोरची खुर्ची रिकामी.

"खुर्च्या हलवू नकोस," जाताना तो रोझलीनला म्हणाला.

"दोन्ही?"

"दोन्ही."

जिल्बेर आला नाही. त्या सोमवारी नाही, पुढच्याही नाही. त्याचा रुमाल खणात तसाच. दर शनिवारी रोझलीन सगळ्यांचे रुमाल काढायची आणि त्याच्या खणापाशी हात थांबायचा. वापरलेला नव्हता, तर धुवायचा कशाला? आणि खरं सांगायचं तर तिला तो खण एका रात्रीसाठीसुद्धा रिकामा बघायचा नव्हता.

गावात बोलणी सुरू झाली. बोलणारा मुख्य म्हणजे मार्सो, मेंढ्यांचा दलाल, ज्याच्या तोंडाचा पट्टा मांस चावतानाही थांबत नाही.

"मालकीणबाई," तो एकदा मोठ्याने म्हणाला, एली हात धुवायला गेलेला बघून, "तो रुमाल अजून काय पूजेला ठेवलाय? काढून टाका की. बापाने रोज त्याच्याकडे बघत जेवायचं?"

"तुझा रुमाल काढते आधी," रोझलीन म्हणाली. "त्याच्यावर इतकं तेल आहे की दिवा लागेल."

लोक हसले, पण कसंनुसं. आणि मार्सोचं बोलणं तिच्या मनात घर करून बसलं. खरंच एलीला काय वाटत असेल? खुर्ची हलवू नकोस म्हणजे काय? तिथे कुणी बसू नये म्हणून, की कुणीतरी बसावं म्हणून? विचारायची तिची छाती झाली नाही. उत्तर काही आलं तरी ते तिला पाळावं लागलं असतं.

डाक वाटणारी नादेज दुपारची तिथेच जेवायची. घराघरांतलं तिला कळायचं. ती स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात सांगायची. "आज पण दार उघडलं नाही गं. खिडकीतून दिसतं सगळं. सार्डिन माशांचे डबे, नुसते डबे. उभ्याने खातो. कुत्र्याला पण तेच."

"बारीक झालाय?"

"पँट दोरीने बांधलीय. आता तूच समज."

रोझलीनने दोनदा सुपाचं भांडं नेऊन त्याच्या दाराबाहेरच्या भिंतीवर ठेवलं. दोन्ही वेळा भांडं तिथेच, तसंच, वर सायीसारखं चरबीचं कवच. तिसऱ्या वेळी तिने दार ठोठावलं. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, म्हणजे होता. तिला राग आला, दया आली, आणि दोन्ही एकाच आवाजात बाहेर पडलं.

"जिल्बेर, मी काही तुझी कोणी लागत नाही. मी फक्त सूप वाढते. पण तुझा रुमाल आहे तिथेच आहे, ऐकतोस का? कुणी हात लावलेला नाही आणि लावू देणार नाही. ज्या दिवशी यावंसं वाटेल त्या दिवशी ये, आणि खणात बघ. असेल तिथे."

कुत्रं तेवढं भुंकलं.

यानंतर जानेवारी गेला. माळावर असं वारं सुटलं की दारं आपोआप उघडत होती. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी रोझलीन फडताळ पुसत होती आणि तिला दिसलं, जिल्बेरच्या रुमालावर धूळ बसलीय, आणि घडीत कोळ्याने जाळं केलंय. तिला ते सहन झालं नाही. माणूस जिवंत आहे आणि त्याच्या रुमालात कोळी! तिने रुमाल ओढून काढला, स्वयंपाकघरात नेऊन साबणाने खसखसून धुतला आणि तिथल्या चुलीच्या दांडीवर वाळत घातला. बारापर्यंत वाळेल, इस्त्री फिरवू, ठेवून देऊ. एवढा साधा हिशोब. मग ती सुपासाठी मागच्या वाफ्यात कांद्याची पात उपटायला गेली. जमीन गोठलेली, पात निघता निघेना, तिला वेळ लागला.

बारा वाजले. सूप आलं. समोर कुणी नव्हतं म्हणून एलीने नादेजला वाढलं, नादेजने एलीला. मार्सो रस्त्यांबद्दल सरकारला शिव्या घालत होता. नादेज पाव मोडता मोडता म्हणाली,

"जिल्बेर जेवून गेला का लवकर?"

सगळे थांबले.

"कोण?" रोझलीन सुरई हातात घेऊन उभी होती.

"जिल्बेर. अकराच्या सुमाराला इथून बाहेर पडताना बघितलं मी. दाढी केलेली, जाकीट घातलेलं. मी हाक मारली तर बघितलंसुद्धा नाही. गाडीत बसला आणि खालच्या रस्त्याला लागला. मला वाटलं, चला, आला एकदाचा."

रोझलीनने फडताळाकडे बघितलं. तिने एकटीने नाही, सगळ्यांनी बघितलं. दुसऱ्या ओळीतला चौथा खण रिकामा होता. त्याच्या शेजारचा ब्रूनोचा, तोही रिकामा. दोन काळी भोकं शेजारी शेजारी.

"काढलात वाटतं शेवटी," मार्सो म्हणाला. "बरं केलंत, मालकीणबाई. कधी ना कधी करावंच लागणार होतं."

"गप बस!" रोझलीन ओरडली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "धुवायला काढला मी तो. धूळ होती त्याच्यावर. धुवायला काढला."

एलीने मान वर केली. इतक्या महिन्यांत त्याने जेवताना कुणाच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं.

"कधी?"

"आज सकाळी."

"आजच सकाळी," एली म्हणाला. त्याने आपला खिशातला चाकू पुसला आणि मिटला. आमच्याकडे वडीलधाऱ्याने चाकू मिटला की जेवण संपतं. अजून मांस यायचं होतं, चीज यायचं होतं. बाकीच्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि आपापले चाकू मिटले. मार्सोनेसुद्धा मिटला.

रोझलीनने सुरई ठेवली आणि स्वयंपाकघरातून रुमाल उचलला. अजून दमट होता. या घरात आल्यापासून तिने भरलं टेबल सोडून कधी पाय बाहेर टाकला नव्हता. सासूला मरणाच्या कळा लागल्या होत्या तेव्हाही आधी गोड वाढून मग ती माडीवर सासूपाशी गेली होती. आज ती कमरेचा रुमालही न सोडता बाहेर पडली आणि मागोमाग नादेज, गाडीच्या किल्ल्या शोधत.

जिल्बेरच्या घरी कुत्रं बांधलेलं होतं, पण त्याच्यासमोर दोन भांडी भरून खाणं ठेवलेलं. ते बघून रोझलीन गाडीकडे परत वळली. एका दिवसाचं खाणं कुणी दोन भांड्यांत देत नाही.

"बंदुका पोलिसांकडे आहेत," नादेज म्हणाली. तीही तेच मनात धरून होती.

"आपल्या माळावर कडे किती आहेत, माहीत आहे ना तुला? बंदूक कशाला लागते?"

नादेजने गाडी खालच्या रस्त्याला घातली. प्रत्येक वळणावर रोझलीन दरीत बघत होती आणि गाडी दिसू नये म्हणून मनातल्या मनात विनवत होती. कुणाला, ते तिचं तिला माहीत नव्हतं. चर्चची घंटा सोडली तर चर्चशी तिचा संबंध नव्हता.

गाडी दिसली ती हमरस्त्यावरच्या नाक्यावर, मालमोटारवाल्यांच्या उपाहारगृहासमोर. काचांचं, मोठं, पाटी दुरून दिसणारं. आत प्रत्येकाचं टेबल वेगळं. जिल्बेर भिंतीकडे तोंड करून एका टेबलावर बसला होता. समोर प्लास्टिकचा ट्रे, तळलेले बटाटे, मांसाचा करपलेला तुकडा. जाकिटाच्या गळ्यात कागदी रुमाल खोचलेला. रोझलीनला एकदम इतकं हायसं वाटलं की तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

ती त्याच्यासमोर बसली. नादेज दाराशी थांबली.

"कुत्र्याला दोन भांडी कशाला?"

"परतायला किती वेळ लागेल माहीत नव्हतं," जिल्बेर म्हणाला. "शहरात बहीण आहे. तिकडे जावं की काय, विचार करतोय."

"बहिणीशी तू बोलत नाहीस."

"म्हणून तर विचार करतोय."

तिने दमट रुमाल टेबलावर ठेवला. हिरवा काठ, कोपऱ्यात तिच्या सासूचा टाका. "धुवायला काढला होता मी. धुवायला. कोळी होता घडीत. बघ, ओला आहे अजून, हात लाव."

त्याने हात लावला नाही. त्याने बटाटा उचलला, परत ठेवला.

"तू म्हणालीस, ये आणि खणात बघ. मला यायला किती दिवस लागले, रोझलीन. दाढी करताना तीनदा थांबलो. आलो, बघितलं. त्याच्या शेजारी माझा, दोन्ही रिकामे. म्हटलं, ठीक आहे. बरोबर आहे. एक गेला तर दुसराही गेलाच म्हणायचा. मला वाईट नाही वाटलं, खरंच. सुटल्यासारखं वाटलं."

"चुकलं माझं."

"नाही. चुकून का होईना, बरोबर झालं. मी तिथे बसून कुणाच्या हातचं सूप घेऊ? माझ्या समोर कोण बसतं, माहीत आहे ना?" त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते कागदी रुमालाने पुसले, कागद फाटला. "इथे बरं आहे. इथे पैसे टाकले की ट्रे मिळतो. कुणी विचारत नाही, बघत नाही."

रोझलीनने बरंच काही सांगून बघितलं. विनवलं, रागावली, शेवटी रुमाल उचलून निघाली. तो आला नाही.

ती परतली तेव्हा टेबल तसंच होतं, सूप गार, पावाचे तुकडे विखुरलेले. सगळे निघून गेले होते. एकटा एली आपल्या जागेवर बसून होता. त्याने कोट घातला होता, पण उठला नव्हता.

"भेटला?"

"भेटला. नाक्यावर."

"काय खात होता?"

रोझलीनला या प्रश्नाची अपेक्षा नव्हती. "बटाटे. मांस होतं, करपलेलं. कागदी रुमाल."

एलीने मान हलवली. मग समोरच्या खुर्चीकडे बघून तो म्हणाला, "घरी आला की त्याला सांग, उद्या बारा वाजता ये. मी बोलावलंय म्हणून सांग."

"एली, तुम्ही काय करणार आहात?"

"जेवणार आहे, पोरी. मांस राहिलंय आजचं."

संध्याकाळी तिने जिल्बेरच्या बंद दाराशी उभं राहून निरोप सांगितला. रात्रभर तिला झोप लागली नाही. एली मऊ माणूस नव्हता. त्याने सगळ्यांदेखत जिल्बेरला हाकललं तर? थुंकला तर? तिला वाटलं, आपणच एका माणसाला दाढी करायला लावून फासावर चढवतोय.

दुसऱ्या दिवशी बाराचे टोले पडत होते आणि दार उघडलं. जिल्बेर टोपी हातात धरून उभा राहिला, त्या पहिल्या दिवसासारखा. त्याचा रुमाल इस्त्री करून खणात होता. रोझलीनने पहाटेच ठेवला होता. जिल्बेरने खणाकडे हात नेला.

"तो राहू दे," एली म्हणाला. "इकडे ये."

जिल्बेर आपल्या खुर्चीपाशी आला. एलीने कोटाच्या आत हात घातला आणि पिवळ्या चौकड्यांचा रुमाल काढला. रोझलीनने घातलेली घडी तशीच होती. त्याने तो टेबलावरून पलीकडे सरकवला, जिल्बेरच्या ताटलीशेजारी.

"एली," जिल्बेर म्हणाला. "हा—"

"कुणाचा आहे ते मला माहीत आहे. घरी कपाटात ठेवून काय करू? घरी जेवतं कोण?" एली मोठ्याने बोलत नव्हता, पण भट्टीतली लाकडं फुटत होती तेवढाच दुसरा आवाज. "तू घरात बसलास, डबे फोडलेस, दार लावून घेतलंस. मी रोज इथे आलो. रोज. दोन रिकाम्या खुर्च्यांमध्ये जेवलो. शेजारची भरणार नाही. समोरची तू रिकामी ठेवलीस. ती तरी भर."

"एली, मला माफ—"

"ते नाही!" एलीने टेबलावर हात आपटला; चमचे उडाले. "ते मला ऐकायचं नाही. आज नाही, कधी नाही. तोंडातून काढायचं नाही. जेवायचं. उद्या यायचं, परवा यायचं. मी मरेपर्यंत यायचं. आणि तोंड पुसायचं ते याने."

जिल्बेर बसला. एलीने भांड्यातला डाव उचलला आणि त्याच्या ताटलीत सूप वाढलं, काठोकाठ. मग डाव त्याच्याकडे दिला आणि आपली ताटली पुढे केली. जिल्बेरने वाढलेलं अर्धं सूप टेबलावर सांडलं. एली थांबून राहिला, ताटली धरून, जोवर ती भरली नाही तोवर. मार्सो आपल्या ताटलीत बघत होता.

"मीठ कमी आहे," एली म्हणाला.

"आणते," रोझलीन म्हणाली. स्वयंपाकघरात जाऊन ती मिठाचं भांडं हातात घेऊन रडली. कशासाठी, तिला सांगता आलं नसतं. दार बंद झालं नव्हतं, हे एक. पण जे उघडलं होतं ते तिला बघवत नव्हतं.

जिल्बेर तेव्हापासून रोज येतो. बाराच्या ठोक्याला, आजारी असला तरी. पँटला आता दोरी लागत नाही. सूप संपलं की एली तळाशी वाइन ओतून पितो. जिल्बेर ओतत नाही. दोघं बोलतात, पण हवेबद्दल, मेंढ्यांच्या भावाबद्दल, मार्सो किती खोटं बोलतो त्याबद्दल. गावातले लोक म्हणतात, बघा, वेळ सगळं भरून काढते. लोकांना काय, म्हणायला जातं काय.

शनिवारी रोझलीन फडताळातले रुमाल काढते. एलीच्या रुमालावर वाइनचे डाग, मार्सोच्या रुमालावर तेल, नादेजच्या रुमालावर ओठांचा रंग. जिल्बेरच्या खणातून ती पिवळ्या चौकड्यांचा रुमाल काढते आणि खिडकीपाशी उजेडात धरते. दर वेळी धरते. जिल्बेर मिशी पावाच्या तुकड्याने पुसतो, नाहीतर हाताच्या पाठीने. तिने बघितलंय, एलीनेही बघितलं असणार. रुमाल पूर्ण जेवणभर त्याच्या मांडीवर असतो आणि मग खणात जातो.

एक डाग नसतो त्याच्यावर. घडीसुद्धा तिनेच घातलेली, तशीच. ती तो बाकीच्यांबरोबर पाण्यात टाकते, साबण लावते आणि धुते.